नदी नासली, आता शहराला पाणी कुठून आणायचं? पंचगंगेच्या खोऱ्यातून स्रोत निवडीची पद्धत

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि जेमतेम ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. एवढ्याशा नदीवर वर कोल्हापूर, खाली इचलकरंजी, मधे साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि कितीतरी गावं. दोन्ही शहरांनी या नदीला पर्याय शोधला. कोल्हापूरनं दूधगंगेवरच्या काळम्मावाडीच्या धरणातून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाईपलाईन टाकली आणि तिचं पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोचलं. इचलकरंजीनं आधी मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं, मग वारणेकडे हात पुढे केला, मग दूधगंगेकडे. वारणा आणि दूधगंगा दोन्हीकडे नदीकाठच्या गावांनी तो हात झिडकारला.

खोरं एक, निकाल दोन. त्यामुळे प्रदूषित नदीकाठच्या कुठल्याही शहरानं स्रोत कसा शोधावा हे समजून घ्यायला हा प्रदेश चांगला धडा आहे. हा लेख नागरिक समित्यांसाठी, नव्यानं निवडून आलेल्या नगरसेवकांसाठी आणि पाणीपुरवठा विभागात रुजू झालेल्या तरुण अभियंत्यांसाठी आहे. योजना आखायचं काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरण किंवा सल्लागार कंपनी करते, हे खरं. पण त्यांचा जाडजूड अहवाल समोर आला की कुठल्या पानावर बोट ठेवायचं, हे आपल्याला कळायला हवं.

माझा निकष सुरुवातीलाच सांगून टाकतो: स्रोत त्याच्या सर्वांत वाईट महिन्यावरून पारखावा. ऑक्टोबरात प्रत्येक नदी सुंदर दिसते.

पायरी १: दुखणं नदीत आहे की नळात, ते आधी ठरवा

ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि म्हणून कोट्यवधी रुपये खर्चूनही लोक आजारीच पडतात. घरात येणारं पाणी खराब असण्याची तीन कारणं असू शकतात: नदीतून उचललेलं कच्चं पाणीच शुद्ध करण्यापलीकडे गेलंय, शुद्धीकरण केंद्र नीट चालत नाही, किंवा केंद्रातून चांगलं निघालेलं पाणी गटारीखालून जाणाऱ्या जुन्या वाहिनीत बिघडतंय. पाणी दिवसाआड येत असेल तर तिसऱ्या कारणाकडे आधी पाहा. वाहिनी रिकामी असते तेव्हा तिच्या भेगांतून बाहेरचं सांडपाणी आत ओढलं जातं. नवीन धरणाचं पाणी त्याच वाहिनीतून आलं तरी काविळीचा विषाणू वाट सोडत नाही. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली आणि अनेकांचा बळी गेला. तेव्हापासून शहरात पर्यायी पाण्याची मागणी धरून बसलेली माणसं आहेत आणि ती रास्तच आहे. तरी मागणी करताना हे तिन्ही धागे सुटे करून पाहायला हवेत.

त्यासाठी एकाच दिवशी चार ठिकाणचे नमुने घ्या: जॅकवेलजवळ (म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीजवळ) नदीतला, शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना, वस्तीतल्या उंच टाकीतून बाहेर पडताना, आणि टाकीपासून सर्वांत लांबच्या गल्लीतल्या नळाचा. नळाचा नमुना पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक आणि अर्ध्या तासानं एक असा दोनदा घ्या. पहिला नमुना दूषित आणि दुसरा स्वच्छ आला तर दोष वाहिनीत आहे, हे जवळजवळ नक्की.

याच सुमारास माहितीच्या अधिकारात शुद्धीकरण केंद्राच्या रोजच्या नोंदवहीची मागील तीन वर्षांची प्रत मागा. त्यात कच्च्या पाण्याचा गढूळपणा, तुरटी किंवा पीएसीची (गाळ खाली बसवणाऱ्या रसायनाची) मात्रा, क्लोरीनची मात्रा आणि अवशिष्ट (शेवटी पाण्यात उरलेला) क्लोरीन असे रकाने असतात. यातला क्लोरीनच्या मात्रेचा रकाना सगळ्यात बोलका. सांडपाण्यातून येणारा अमोनिया क्लोरीन खातो. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन असेल तर तो संपवायला ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो, आणि त्यानंतर उरलेला क्लोरीन मोकळेपणानं जंतू मारायला मिळतो. दिल्लीत यमुनेच्या पाण्यात अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास गेला की वजिराबाद आणि चंद्रावल केंद्रांचं उत्पादन कमी करावं लागतं, हे दर हिवाळ्यात बातम्यांत येतं. तुमच्या नोंदवहीत जानेवारी ते मे या काळात क्लोरीनची मात्रा पावसाळ्यानंतरच्या महिन्यांच्या कितीतरी पट दिसत असेल, तर नदीत सांडपाणी मुरलंय याचा तो लेखी पुरावा समजा. आणि मात्रा बाराही महिने अगदी सारखीच लिहिलेली असेल, तर नोंदवही टेबलावर बसून भरली आहे.

पायरी २: नदीचं वर्षभराचं कॅलेंडर मांडा

प्रदूषण सरासरीत मोजलं की दिसेनासं होतं. त्यामुळे बारा महिन्यांचा एक तक्ता करा. पंचगंगेचा तक्ता साधारण असा होतो. जून-जुलैच्या पहिल्या पावसात वर्षभर नाल्यांत साचलेली घाण एका लोंढ्यात नदीत येते. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी भरपूर, गढूळ, पण सांडपाणी पातळ झालेलं. ऊस गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. मळीमिश्रित पाणी नदीत गेलं तर विरघळलेला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि मासे वर येतात. फेब्रुवारीनंतर प्रवाह थांबल्यासारखा होतो. बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात, मागे डबकं साचतं, केंदाळ पसरतं. तेरवाड बंधाऱ्याजवळचं उन्हाळ्यातलं काळं पाणी आणि मेलेल्या माशांचा खच शिरोळकरांना सांगायची गरज नाही.

आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाणी गुणवत्ता नोंदींत मिळतात. त्यात दोनच गोष्टी आधी पाहा. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीप्रमाणे नेहमीच्या पद्धतीनं शुद्ध करून पिता येईल अशा नदीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना खर्ची पडणारा ऑक्सिजन) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावा. त्या दर्जाखाली नदी वर्षातले किती महिने जाते ते मोजा. एखादा महिना जात असेल तर साठवण तलाव बांधून तेवढे दिवस काढता येतात. चार-पाच महिने जात असेल तर दुसरा स्रोत शोधायलाच हवा. मोठा निर्णय या एका मोजणीवर होतो.

पायरी ३: गरज मोजा, स्वप्न नको

शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे देशभर वापरलं जाणारं मान आहे. समजा शहर आज ४ लाखांचं आहे. गुणाकार केला की ५४ एमएलडी येतं, म्हणजे दिवसाला ५ कोटी ४० लाख लिटर. गळती १५ टक्क्यांत ठेवता आली तर स्रोतातून ६३ ते ६४ एमएलडी उचलावं लागेल. वर्षाचं होतं सुमारे २३ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ०.८ टीएमसी (अब्ज घनफूट). पुढे तीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज धरून हा आकडा वाढवायचा.

आता गळती १५ ऐवजी ४० टक्के धरून पाहा. त्याच शहराला ९० एमएलडी लागतं. मधला फरक २६ एमएलडीचा. एवढ्या पाण्यासाठी दुसऱ्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याशी भांडण ओढवून घेण्याआधी आपली वाहिनी दुरुस्त करणं स्वस्त पडतं का, हा प्रश्न अहवालात विचारलेला असतो का ते बघा. बहुधा नसतो. गळती काढण्याचं उद्घाटन करता येत नाही ना!

पायरी ४: पर्यायांची पूर्ण यादी करा

अहवालात साधारण तीन पर्याय असतात आणि त्यातले दोन नाकारण्यासाठीच लिहिलेले असतात. तुम्ही स्वतः यादी केलीत तर ती याहून लांब होते.

*त्याच नदीवर वरच्या अंगाला सरकणं.* सर्वांत सोपा विचार. शहराचे नाले जिथे मिळतात त्याच्या वर उपसा न्यायचा. कोल्हापूरचा शिंगणापूरचा उपसा जयंती आणि दुधाळी नाल्यांच्या वर आहे, त्यामुळे स्वतःच्या सांडपाण्यातून ते शहर बऱ्याच अंशी सुटतं. इचलकरंजीला ही सोय नाही, कारण तिच्या वर कोल्हापूर आहे. नकाशावर फक्त अंतर मोजू नका. वरची गावं, औद्योगिक वसाहती, कारखाने आणि प्रत्येक नाल्याचा संगम खुणेनं दाखवा. पर्यायी नदीच्या बाबतीतही हाच नियम. तुमची घाण ज्या संगमावर तिला मिळते त्याच्या खाली उपसा असेल, तर तुम्ही लांबून फिरून आपलंच पाणी पिताय.

*धरणातून थेट वाहिनी.* पाण्याचा दर्जा सर्वांत भरवशाचा, खर्च सर्वांत मोठा. आग्र्यानं यमुनेला कंटाळून अप्पर गंगा कालव्यावरच्या पालडा इथून सुमारे १३० किलोमीटर वाहिनी टाकून २०१९ मध्ये गंगेचं पाणी आणलं. सोलापूरची कहाणी उलट बाजूनं शिकवते. उजनीचं पाणी भीमेच्या पात्रातून शहराच्या बंधाऱ्यांपर्यंत सोडायचं तर शहराला लागणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून काढावं लागतं. वाटेत जमीन पिते, मोटारी पितात, ऊन पितं. वाहिनीची किंमत मांडताना हे वाचणारं पाणीही जमेच्या बाजूला धरायला हवं. अर्थात उजनीत मुळा-मुठा आणि भीमेनं पुणे परिसराचं सांडपाणी आणून सोडलेलं असतं, त्यामुळे धरण म्हटलं की पाणी निर्मळ असंही समजू नये.

*शेजारच्या खोऱ्यातली नदी.* वारणा, दूधगंगा, कृष्णा. तांत्रिकदृष्ट्या सोपा, सामाजिकदृष्ट्या सर्वांत अवघड. याबद्दल पुढे सविस्तर.

*नदीकाठची गाळणी.* नदीपासून थोड्या अंतरावर वाळूच्या थरात विहिरी घ्यायच्या आणि पाणी जमिनीतून गाळून येऊ द्यायचं. जर्मनीत ऱ्हाईनच्या काठी ड्युसेलडॉर्फ एकोणिसाव्या शतकापासून हे करतं. आपल्याकडे हरिद्वारला गंगेकाठी अशा विहिरी आहेत. जंतू, गढूळपणा आणि सेंद्रिय घाण यांना ही पद्धत चांगला आळा घालते. पण तिला जाड वाळूचा थर लागतो. दख्खनच्या काळ्या चिकट मातीत आणि बेसाल्टच्या खडकात असा थर सलग मिळणं कठीण. वाळूउपशानं उरलीसुरली वाळूही गेली. तरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून नदीकाठचं एक सर्वेक्षण मागवून घ्या. नकार लेखी असलेला बरा.

*जुने तलाव.* कोल्हापूरला कळंबा तलाव आहे, तसा बहुतेक संस्थानी गावांना एखादा तरी असतो. शहराची पूर्ण तहान त्यानं भागत नाही. मात्र नदीत अचानक काही सुटलं आणि उपसा तीन-चार दिवस बंद ठेवावा लागला, तर तेवढे दिवस तो तारून नेतो. ही सोय प्रत्येक योजनेत हवी असं माझं ठाम मत आहे, मुख्य स्रोत कुठलाही निवडा.

*कूपनलिका.* बेसाल्टमध्ये पाणी भेगांत साठतं, फार थोडं. शहराच्या पोटात सांडपाणी मुरलेलं असतं, म्हणून नायट्रेट वाढतं. वापरायच्या पाण्यासाठी ठीक.

*त्याच नदीवर अधिक चांगलं शुद्धीकरण.* ओझोन, सक्रिय कार्बन, जैविक गाळणी यांनी बरंच साधतं. पण चालवण्याचा खर्च दरवर्षीचा असतो, आणि ज्या महापालिकेला तुरटी वेळेवर खरेदी करता येत नाही तिनं ओझोनच्या यंत्राचं स्वप्न पाहू नये.

पायरी ५: मे महिन्याची परीक्षा आणि जुलैची परीक्षा

प्रत्येक पर्यायाला आता दोन प्रश्न विचारायचे.

मेचा प्रश्न: सलग दोन कमी पावसाच्या वर्षांनंतर मे अखेरीस इथे आपल्या वाट्याचं पाणी असेल का? महाराष्ट्रातली सिंचनाची धरणं सहसा ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखलेली असतात, म्हणजे चारातलं एक वर्ष तूट येणार हे गृहीतच धरलेलं. उसाला एक पाळी चुकली तर चालतं. माणसाला चालत नाही. म्हणून धरणाची एकूण क्षमता पाहून हुरळून जाऊ नका. दूधगंगेचं म्हणजे काळम्मावाडीचं धरण सुमारे २५ टीएमसीचं आहे. पण तो आंतरराज्य प्रकल्प आहे आणि त्यातलं ४ टीएमसी कर्नाटकाच्या वाट्याचं. बाकीच्यात सिंचन, वीज, काठची गावं, थेट पाईपलाईनवरचं कोल्हापूर, आणि दूधगंगेवरची सुळकूडची योजना झाली तर इचलकरंजीही. शिवाय भिंतीतली गळती आणि तिची दुरुस्ती हा विषय गेली काही वर्षं चर्चेत आहे. एका धरणावर किती शहरांनी मान टाकावी, याचा विचार एका शहराच्या अहवालात होत नाही. तो जिल्ह्याच्या पातळीवर मागावा लागतो.

जलसंपदा विभागाकडून तीन कागद मिळवा: मागच्या वीस वर्षांतला १ जूनचा साठा, मंजूर बिगरसिंचन आरक्षणांची यादी आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. पहिल्या कागदातली सर्वांत वाईट तीन वर्षं वेगळी काढा. त्या वर्षांत पाणी मृतसाठ्याच्या (धरणाच्या तळाच्या, सहसा न वापरता येणाऱ्या पाण्याच्या) जवळ गेलं होतं का, आणि जॅकवेलचं तोंड त्या पातळीच्या खाली राहील का? नसेल तर नेमक्या गरजेच्या दिवशी पंप कोरडा फिरेल.

जुलैचा प्रश्न कोल्हापूरकरांना पाठ आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली, मोटारी आणि वीजपुरवठ्याची यंत्रणा पाण्याखाली गेली आणि पुराच्या वेढ्यातलं शहर टँकरची वाट पाहत बसलं. म्हणून नव्या जॅकवेलचा मोटारींचा मजला, वीज उपकेंद्र आणि तिथपर्यंतचा रस्ता हे तिन्ही माहीत असलेल्या सर्वोच्च पूररेषेच्या वर आहेत का, ते नकाशावर समोच्च रेषांसह दाखवायला सांगा. मोटारी वर आणि ट्रान्सफॉर्मर खाली असा प्रकार झाला तर मोटारी वर ठेवून काही उपयोग नाही.

पायरी ६: पाणी तपासा, पण नीट

निवडलेल्या दोन-तीन स्रोतांचे नमुने किमान वर्षभर, दर महिन्याला घ्यावेत. पहिल्या पावसाच्या आठवड्यात आणि गाळप हंगामात जास्त वेळा. एका नमुन्यावर योजना मंजूर झालेली दिसली तर तिथेच हरकत घ्या.

जंतूंसाठी निर्जंतुक बाटलीच वापरायची. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं, नाहीतर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटली बर्फात ठेवा, शक्यतो सहा तासांत आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. दुपारी मोटारसायकलच्या डिकीत फिरलेला नमुना फेकून द्यावा.

भारतीय मानक आयएस १०५०० मधले काही आकडे जवळ ठेवा. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात नको. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. अमोनिया ०.५, आर्सेनिक ०.०१, फ्लोराईड १ आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत इष्ट, पर्याय नसेल तर २००० पर्यंत. ही मानकं प्यायच्या पाण्यासाठी आहेत. कच्च्या पाण्याला यातल्या जंतूंच्या कसोटीवर नापास करू नका, ते शुद्धीकरणात जातात. नायट्रेट, फ्लोराईड, जड धातू आणि विरघळलेले क्षार मात्र तुरटी-वाळू-क्लोरीनच्या नेहमीच्या केंद्रात हलत नाहीत. कच्च्या पाण्यात ते जास्त असतील तर तो स्रोत यादीतून काढा. वर कापड प्रक्रिया उद्योग असेल तर रंग, क्षार आणि धातू, उसाचा पट्टा असेल तर कीटकनाशकं आणि तणनाशकं तपासायला सांगा. त्या चाचण्या महाग असतात म्हणून टाळल्या जातात.

पायरी ७: आणायचा खर्च वर्षाच्या बिलात मोजा

बांधायला केंद्राचा आणि राज्याचा निधी मिळतो, वीजबिल भरायला कुणी देत नाही. एक सोपा हिशोब पाठ करून ठेवा: १ एमएलडी पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंप आणि मोटार मिळून ७० टक्के कार्यक्षम धरले तर, दिवसाला साधारण ३९० युनिट लागतात. म्हणजे ५० एमएलडीला साडेएकोणीस हजार युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाचे जवळपास ५ कोटी. यात उंचीसोबत वाहिनीतल्या घर्षणाचीही भर पडते. वाहिनीचा व्यास वाचवायला गेलात तर घर्षण वाढतं आणि ती बचत वीजबिलात निघून जाते. अहवालात पाणीपट्टी किती होईल हा आकडा शेवटच्या पानांत असतो. सभेत तो पहिल्यांदा वाचून दाखवायला लावा.

पाणी गुरुत्वानं येत असेल तर थोडा जास्त पल्ला परवडतो. उपसूनच आणायचं असेल तर जादा पंप आणि स्वतंत्र एक्स्प्रेस फीडर (फक्त योजनेसाठीची वीजवाहिनी) योजनेत आहेत का ते पाहा. कोल्हापूरच्या थेट पाईपलाईनचं पाणी आल्यानंतरही पंप, वीज किंवा वाहिनी यातलं काहीतरी बिघडलं आणि शहरानं दिवसचे दिवस टँकर पाहिले, असं एकदा नव्हे अनेकदा घडलं आहे. वाहिनी जितकी लांब तितक्या तिच्या फुटण्याच्या जागा जास्त, आणि इचलकरंजीच्या कृष्णा योजनेच्या वाहिनीच्या गळत्या सांगायला त्या शहरातला कुठलाही माणूस तयार होईल.

पायरी ८: ज्यांच्या नदीवर जाताय त्यांच्याशी आधी बोला

वारणेवर दानोळीत आणि दूधगंगेवर सुळकूडमध्ये इचलकरंजीच्या योजना अडल्या त्या तांत्रिक दोषानं नव्हे. आधी मंजुरी, मग निविदा, मग पोलीस बंदोबस्तात सर्वेक्षण, आणि गावाला कळतं ते सर्वेक्षणाची गाडी आल्यावर, हा क्रमच चुकीचा आहे. पुण्याजवळ मावळात याहून वाईट घडलं. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनी न्यायला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला. तीन जणांचा जीव गेला आणि योजना बारा वर्षं थांबली.

काठच्या शेतकऱ्याची भीती समजून घ्या. त्याला माहीत आहे की पिण्याच्या पाण्याला कायद्यानं आणि धोरणानं पहिला अग्रक्रम आहे. टंचाई आली की शहराचं पाणी चालू राहणार आणि त्याच्या मोटारीवर उपसाबंदी येणार. हे घडलेलं आहे, तो कल्पना करत नाहीये. दुसरा आक्षेप त्याहून बोचरा असतो: तुम्ही तुमची नदी नासवलीत, आता आमच्या नदीवर येताय. याला उत्तर भाषणानं देता येत नाही.

टेबलावर ठेवता येतील अशा गोष्टी मात्र आहेत. बंधाऱ्यातून उचलण्याऐवजी धरणातच उपसा घेतला तर गावाच्या बंधाऱ्यातली पातळी शहराच्या पंपामुळे खाली जात नाही. उपशावर मीटर बसवून रोजचा आकडा ग्रामपंचायतीला कळवण्याचं लेखी वचन देता येतं. वाहिनीच्या वाटेवरच्या गावांना त्याच वाहिनीतून पिण्याचं पाणी देता येतं. तुटीच्या वर्षी शहर आधी किती टक्के कपात करेल, हे करारात लिहिता येतं. आणि सगळ्यात वजनदार गोष्ट: शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पूर्ण चालू झाल्याशिवाय नव्या योजनेचा पंप सुरू होणार नाही ही अट शहरानं स्वतःहून घालून घ्यायची. ही अट मान्य करणारं एकही शहर मला माहीत नाही. पण कुठल्यातरी शहरानं ती मान्य केली तर दानोळीसारख्या गावात बैठक निदान सुरू तरी होईल.

पायरी ९: जुनी नदी सोडू नका

नवं पाणी आलं की शहराला जुन्या नदीची गरज उरत नाही, आणि गरज संपली की तिच्या घाणीबद्दलचा आवाजही संपतो. इथे हिशोबाकडे परत या. नळातून आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. शहरात ५४ एमएलडी पोचत असेल तर ४३ एमएलडी नाल्यात जातं. दुसऱ्या खोऱ्यातून आणलेलं हे पाणी वापरून पुन्हा पंचगंगेतच पडणार आणि खालच्या शिरोळ तालुक्यातली गावं ते पिणार. त्यांच्यासाठी कुणी थेट पाईपलाईन टाकत नाही. म्हणून योजनेच्या खर्चात सांडपाणी केंद्राची वाढ आणि नाले अडवून वळवण्याचं काम त्याच मंजुरीत, त्याच अंदाजपत्रकात मागा. वेगळा टप्पा म्हणून ठेवलं की तो टप्पा येत नाही. कोल्हापुरात कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं आणि दुधाळीला १७ एमएलडीचं केंद्र आहे. तरी नाला ओसंडून नदीत जातोय असे फोटो वर्तमानपत्रांत येतच राहतात, कारण केंद्राची क्षमता आणि केंद्रापर्यंत पोचणारं सांडपाणी हे दोन वेगळे आकडे आहेत. दोन्ही मागत जा.

जुना उपसाही भंगारात काढू देऊ नका. महिन्यातून एकदा मोटारी काही तास चालवून त्याची नोंद ठेवायची, वीजजोडणी चालू ठेवायची, एक छोटं शुद्धीकरण केंद्र हाताशी ठेवायचं. थेट पाईपलाईन बंद पडते तेव्हा कोल्हापूरला बालिंगा आणि शिंगणापूर इथल्या जुन्या उपशांचाच आधार घ्यावा लागतो.

योजना पूर्ण होईपर्यंत

मंजुरीपासून नळापर्यंत दहा वर्षं सहज जातात. कोल्हापूरचं तसंच झालं. एवढ्या काळात वॉर्डाच्या पातळीवर करण्यासारखी कामं साधी आहेत. शेवटच्या गल्लीतल्या नळाला अवशिष्ट क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम आहे का, हे क्लोरोस्कोपनं (पाण्याच्या पिवळ्या छटेवरून क्लोरीन दाखवणाऱ्या छोट्या संचानं) पाणी येईल त्या दिवशी तपासून तारखेनिशी वहीत लिहायचं. पिवळी छटा आलीच नाही तर त्या गल्लीला त्याच दिवशी कळवायचं आणि पाणी उकळून प्यायला सांगायचं. खळाखळा उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटं पुरतात. शंका असेल तिथे एच टू एस व्हायल (जंतू तपासायची छोटी बाटली) भरून ठेवा, एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर दूषित. टँकर आला तर तो कुठल्या विहिरीवर किंवा टाकीवर भरला ते विचारा आणि त्यातही क्लोरीन तपासा.

कूपनलिकेचं पाणी पिणाऱ्या घरांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं उलट त्याचं प्रमाण वाढतं. लहान बाळाचं दूध अशा पाण्यात बनवण्याआधी त्या कूपनलिकेचा नायट्रेटचा अहवाल जिल्हा प्रयोगशाळेतून करून घ्या, आणि ४५ च्या वर आला तर ते पाणी धुण्याभांड्यालाच ठेवा.